घाटाखालचा सांगावा

सायकल घेऊन बिनकामाचा हिंडणारा माणूस आमच्या भागात नव्वद सालानंतरही संशयाचाच होता. चहाच्या टपरीला सायकल टेकवली की पहिला प्रश्न, "कुठलं पाव्हनं?" आणि दुसरा, "काय काम काढलं?" काम काही नाही, नुसता हिंडतोय म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे आणि मग कॅरिअरवरच्या पिशवीकडे बघायचा. मग मीच काहीतरी ठोकून द्यायचो. कधी मुलगी बघायला चाललोय, कधी बैल बघायला. दोन्हीसाठी माणसं सारख्याच आपुलकीनं पत्ते सांगायची.

मी तेव्हा सांगलीला एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होतो. दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा दिवस सायकल काढायचो. काळी, बावीस इंची, गिअर वगैरे काही नाही. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. रस्ता ठरलेला असे. तासगाव, विटा, मायणी, दहिवडी. तिथून मोगराळे घाट उतरून फलटण, मग लोणंद, शिरवळ. शिरवळला हमरस्ता धरून खंबाटकी चढायची आणि वाई, सातारा, कऱ्हाड करत कडेगावच्या बाजूला आमच्या गावी येऊन टेकायचं. मुक्काम शाळांच्या वऱ्हांड्यात. शाळेतला माणूस म्हटल्यावर शिपाई लोक मला कधी नाही म्हणाले नाहीत. उलट एकाने वऱ्हांडा झाडून दिला आणि बदल्यात त्याच्या पोरीचं विज्ञान घ्यायला लावलं.

गावी आई आणि दादा असायचे. दादा म्हणजे माझे वडील. ते मैलकुली होते. रस्त्याचा एक तुकडा त्यांच्याकडे नेमून दिलेला. त्यावरचे खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे मारायचे, किलोमीटरचे दगड रंगवायचे. निवृत्त झाल्यावरसुद्धा त्यांचा जीव रस्त्यातच. मी हिंडून आलो की कुठं काय पाहिलं हे ते विचारत नसत. "मायनीच्या फुडं डांबर हाय का उखाडलं?" एवढंच. मी सांगायचो आणि ते मान हलवून त्या भागाच्या मैलकुलीला, जो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, दोन शिव्या हासडायचे.

माझं हे हिंडणं आईला आवडत नसे, दादांना मात्र फार आवडायचं. त्याचं कारण आजोबा. आजोबा गावचा सांगावा न्यायचे. गावात कुणी मेलं की पाहुण्यांच्या गावी चालत जाऊन कळवायचं, हे महारकीतलं एक काम. आठ-आठ कोस, अनवाणी. पोचल्यावर अंगणाच्या बाहेर उभं राहून लांबूनच सांगायचं. आत रडारड सुरू झाली की बाहेर वाट बघत बसायचं. मग कुणाला तरी आठवण झाली की भाकरी मिळायची, तीही वरून टाकलेली. दादा लहानपणी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेले होते. छप्पन साली आमच्या वस्तीनं धर्म बदलला आणि आजोबांनी सांगावा न्यायचं सोडलं. गावानं बरीच वर्षं धुसफूस केली. आजोबा बधले नाहीत, आणि दादांनी तर त्याचा घरातला कायदाच केला. "दुसऱ्याच्या मयताचा सांगावा आपल्या घरातनं जायचा न्हाई. पोस्ट हाय, तार हाय. आपन न्हाई."

मला ते एकदा म्हणाले होते, "माजा बा हिंडला त्यो लोकांच्या कामानं. तू हिंडतूस तुज्या मनानं. हिंड." त्यानंतर मी सायकलीला नवीन टायर घातले.

त्या एका वर्षी तिसऱ्या दिवशी सकाळी मी शिरवळला होतो. दादांना दमा होता, म्हणून वाटेत एकदा तरी फोन करायचा असं आईला कबूल केलेलं. घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता. एसटीडी बूथवरून लावला. दुकानदार माझा आवाज ऐकून थोडा थांबला आणि म्हणाला, "धा मिनिटांनी परत कर." मी बाहेर येऊन चहा घेतला, चेनला तेल सोडलं, परत लावला. तो म्हणाला, "दादास्नी जरा बरं न्हाई. तू निवांत ये."

मी निवांत गेलो. दम्याच्या माणसाला बरं नसतं, त्यात नवीन काय होतं? खंबाटकी ढकलत चढलो. वाईला मिसळ खाल्ली आणि नदीच्या घाटावर तासभर झोप काढली. साताऱ्यात मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी सकाळी दादांसाठी कंदी पेढे घेतले आणि दुपारी चार वाजता गावात शिरलो. अंगणात माणसं बसलेली होती. हँडलला पेढ्यांचा पुडा लटकत होता. माझ्या एका चुलत्यानं पुढं येऊन तो हळूच काढून घेतला, तेव्हा मला कळलं.

मी फोन केला त्याच्या आधी, त्याच पहाटे दादा गेले होते. संध्याकाळपर्यंत माझी वाट बघून लोकांनी अग्नी दिला. शिरवळच्या हमरस्त्यावर दर दोन मिनिटाला ट्रक जातो. हात केला असता तर सायकल टपावर टाकून दुपारी पोचलो असतो. जवळचा माणूस वाटेत असला की त्याला मयताचं सांगायचं नाही, आजारी आहे म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मला ती ठाऊक नव्हती असं नाही. लोकांच्या बाबतीत शंभरदा ऐकली होती, तोंडं पाहून ओळखलीही होती. ती आपल्यालाही लागू होईल एवढं मात्र या दीडशहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

मी रडलो नाही. बायका आपसात कुजबुजल्या की शिकून पोरगं दगड झालं. मला वाटायचं, येईल उद्या रडू. जलदान विधी झाला, सांगलीला परत आलो, शाळा सुरू झाली. काचेच्या नळ्या धुतल्या, ॲसिडच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. काहीच वाटत नव्हतं. लांब पल्ला मारला की हँडलवर जोर येऊन माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, टोचलं तरी कळत नाही. तसं वर्षभर सगळंच होतं. राग तेवढा येत होता, तो दुकानदाराचा. "निवांत ये" म्हणणारा माणूस. गावी गेलो की त्याच्या दुकानातनं मी काडीपेटीसुद्धा घेत नसे. चौकातल्या दुसऱ्या दुकानापर्यंत चालत जायचो. आई ते बघायची.

पुढच्या दिवाळीत मी परत सायकल काढली. का, ते विचारलं तर सांगता येणार नाही. घरी बसून तरी काय करणार होतो? रस्ता तोच धरला. विट्यापर्यंत उसाच्या बैलगाड्या, पुढे मोकळं माळरान, मायणीनंतर बोडके डोंगर आणि मेंढरं. पूर्वी असल्या रस्त्यावर मी गाणी म्हणत जायचो. आता नुसते पाय मारत होतो. मायणीच्या पुढं डांबर उखडलेलंच होतं. मी सवयीनं ते लक्षात ठेवलं, आणि मग कुणाला सांगायचंय हे आठवून सोडून दिलं. असं दिवसभरात पाच-सात वेळा झालं.

दहिवडीत मुक्काम करून सकाळी निघालो आणि घाटाच्या अलीकडं माण तालुक्यातल्या एका गावात चहाला थांबलो. नऊ वाजले असतील. टपरी उघडी होती पण चूल पेटलेली नव्हती. चार-पाच म्हातारी माणसं बाकड्यावर गप्प बसलेली. या गावांतली तरणी माणसं सगळी मुंबईला; गावात उरतात ती म्हातारी, बायका आणि शेरडं.

"कुठलं पाव्हनं?" एकानं विचारलं.

"कडेगावकडचा. सांगलीला शाळेत असतो."

"कुनापैकी?"

हा तिसरा प्रश्न. तो दर गावात विचारत नाहीत, पण विचारला की त्याचा अर्थ एकच असतो. मी चेन बघायला खाली वाकलो. त्यांनीही जास्त ताणलं नाही, कारण त्यांचं लक्ष माझ्या सायकलीकडे होतं. फेटा बांधलेला एक म्हातारा उठून जवळ आला. डोळे लाल झालेले. पहाटे त्याचा थोरला भाऊ गेला होता. गावातली एकुलती एक मोटारसायकल दहिवडीला गेली होती, मुंबईला पोरांना फोन करायला आणि लाकडांचं बघायला. पोरं गाडी करून संध्याकाळपर्यंत येणार होती. पण लेक होती एक, ती घाटाखाली दिलेली. फाट्यापासून दीड कोस आत गाव, तिथं ना फोन ना वेळेवर एसटी.

"मास्तर, तुमी खालीच चाललाय न्हवं?" म्हातारा म्हणाला. "एवढा सांगावा द्या. दिवस मावळंस्तवर थांबतो आमी. पोरीला तोंड दिसंल."

मी लगेच हो म्हणालो नाही. त्यांना वाटलं असेल, शिकलेला माणूस, आडमार्गाला जायचा कंटाळा करतोय. माझ्या डोळ्यांपुढे दादा होते. आपन न्हाई. या माणसांनी मला माझ्या जन्मावरून काम सांगितलेलं नव्हतं, सायकल बघून सांगितलं होतं. हा फरक दादांना पटला असता का? मला वाटत नाही. ते म्हणाले असते, तुला सायकल घिऊन दिली ती ह्याच्यासाठी का? दुसरीकडे त्या बाईला काही कळलेलं नव्हतं. ती सारवत असेल, नाहीतर दळत असेल, निवांत. त्या शब्दानं मी हो म्हणालो.

म्हाताऱ्यानं मला नीट समजावलं. "मेलं म्हनून सांगू नगा. लय आजारी हाय म्हना, बोलिवलंय म्हना. उंबऱ्याच्या आत जाऊ नगा. पानी दिलं तर घिऊ नगा. शानी मानसं वळकत्यात."

अंगणाबाहेर उभं राहायचं, पाणी घ्यायचं नाही. आजोबांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घाट उतरायला वेळ लागला नाही. वळणावर ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली. फाट्यावरून आत कच्चा रस्ता, बैलगाडीच्या चाकोऱ्या, त्यात वाळू. साडेदहाच्या सुमारास त्या गावात पोचलो आणि विचारत विचारत घर गाठलं. चाळिशीची बाई होती. अंगणात बसून शेंगा निवडत होती. शेजारच्या घरातली दुसरी बाई तिच्याशी बोलत उभी. मी अंगणाच्या कडेला सायकल धरून उभा राहिलो आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं.

"माझ्या गावाकडनं आला व्हय? बसा की, पाव्हनं." ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली.

"पाणी नको."

"आसं कसं? उनाचं आलाय."

"नको. तुमचे वडील आजारी आहेत. बोलावलंय तुम्हाला."

आता तिनं ओळखायला पाहिजे होतं. अनोळखी माणूस, दारात उभा, पाणी घेत नाही. शेजारणीनं तर ओळखलं. तिनं पदर तोंडाला लावला. पण हिचा चेहरा तसाच. थोडी काळजी, आणि त्या काळजीतसुद्धा घरची कामं.

"कफ झाला आसंल," ती म्हणाली. "थंडी पडली की हुतं त्यास्नी. मालक फलटनला बाजारला गेल्यात, सांजच्याला येतील. मग उद्या सकाळच्या एसटीनं आमी दोघंबी येतो. सांगा तसं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या जागी मी शिरवळच्या बूथबाहेर चेनला तेल सोडत होतो.

"बाई," मी म्हणालो, "आजारी नाहीत. गेले ते. पहाटेच. तोंड बघायचं असेल तर आत्ता निघा. दिवस मावळेपर्यंत थांबणारेत."

शेजारीण माझ्यावर डाफरली, "आवं, काय रीत हाय का न्हाई तुमास्नी?" त्या बाईनं मात्र तांब्या खाली ठेवला आणि दाराची चौकट धरली. मला वाटलं आता पडणार. मी सायकल टाकून पुढं जायच्या बेतात होतो, तर तिनं मला विचारलं, "खरंच थांबत्याल न्हवं?"

"थांबतील. तुमच्या चुलत्यांनी सांगितलंय."

"एसटी फाट्यावर बाराला येती," ती म्हणाली. शेजारणीला शेरडांचं सांगितलं, पायात चपला घातल्या, पदर कमरेला खोचला आणि सरळ माझ्या कॅरिअरवर येऊन बसली. परक्या माणसाच्या सायकलवर अशी एकटी बाई बसून जाते म्हणजे गावाला महिनाभर पुरेल एवढं बोलणं. शेजारीण बघत राहिली. मी पिशवी काढून हँडलला अडकवली आणि निघालो.

दीड कोस खराब रस्ता. वाळूत चाक फसायचं, मी उतरायचो, ती उतरायची, परत बसायची. एका हातानं तिनं सीटखालची स्प्रिंग धरली होती, दुसऱ्या हातानं कॅरिअर. मागं आवाज नव्हता, हुंदका नव्हता. दोनदा मी विचारलं, "बरंय ना?" दोन्ही वेळा उत्तर एकच, "हाना तुमी." मध्ये एकदा आपणहून म्हणाली, "आठ दिसामागं बोलिवलं हुतं त्यांनी. शेंगा काढायच्या म्हनून न्हाई गेले." मला काही बोलायला हवं होतं. वाईच्या मिसळीचं तरी सांगायला हवं होतं. मी पाय मारत राहिलो.

फाट्यावर दहा मिनिटं थांबलो. एसटी आली. ती चढली, जागा असूनही बसली नाही, कंडक्टरच्या पाठीमागं दांडा धरून उभी राहिली. गाडी घाटाकडे वळली. माझं काम झालं होतं. उजवीकडे फलटणचा सपाट, छान डांबरी रस्ता होता आणि माझा मुक्कामही तिकडेच ठरलेला होता.

मी सायकल डावीकडे वळवली. ती पोचली का, हे मला बघायचं होतं. एका परक्या बाईला तिच्या बापाचं तोंड दिसलं का, याची मला पडलेली होती, आणि वर्षभरात कशाचीच पडलेली नव्हती, हे घाट ढकलत चढताना माझ्या लक्षात आलं. तीन तास लागले. किलोमीटरच्या दगडांवरचा रंग उडालेला होता. एका दगडावरचा आकडाच दिसत नव्हता. दादा असते तर चुना-काजळी मागवली असती.

गावात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. टपरीवाला लांबूनच म्हणाला, "आली, आली. एकलीच आली." मी त्या घराच्या बाजूला गेलो आणि रस्त्याच्या कडेला थांबलो. मयत अंगणात ठेवलं होतं. ती त्याच्या उशाशी बसली होती, आणि आता रडत होती. मोठ्यानं, नाव घेऊन, एकेक आठवण काढून. बापाच्या गालावरून हात फिरवत होती, त्याची टोपी सारखी करत होती. मी बराच वेळ बघत उभा होतो. मला तिचा हेवा वाटला. लाज वाटावी असा हेवा होता, पण खरा होता.

फेटेवाला म्हातारा मला बघून बाहेर आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पाहुण्यारावळ्यांसाठी केलेल्या असणार. म्हणाला, "खरं सांगितलंसा म्हनं तुमी तिला."

"सांगितलं."

"रीत न्हाई आपल्यात. पर बरं झालं. नायतर उद्या आली असती." मग थोडं थांबून, "सकाळी इचारायचं ऱ्हायलं. कुनापैकी म्हनला?"

एकदा खरं बोलायला सुरुवात झाली की थांबता येत नाही. मी माझं गाव सांगितलं, वस्ती सांगितली, आणि आजोबा हेच काम करायचे हेही सांगितलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग ते फडकं माझ्या कॅरिअरवर ठेवलं आणि वरून क्लिप दाबली. माझे दोन्ही हात हँडलला होते, म्हणून तसं ठेवलं की हातात द्यायचं टाळलं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. "सावकाश जावा," म्हणाला आणि आत गेला. दहिवडीच्या अलीकडे एका पुलावर बसून मी त्या भाकरी खाल्ल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि भाकरीबरोबर लसणीची चटणी होती, झणझणीत.

पुढचा रस्ता मी केला नाही. रात्री दहिवडीत टेकलो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच मागं फिरून संध्याकाळी गावी पोचलो. आई सोप्यात सूप घेऊन शेंगा फोडत बसली होती. मला दोन दिवस आधी आलेला बघून तिनं हातातली शेंग तशीच धरली. "काय झालं?"

"काही न्हाई." मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दादांचा कायदा मोडला हेही सांगितलं. भाकरीचं तेवढं सांगितलं नाही.

दादांचं नाव काढून ती मला बोल लावील असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तिला तोंड दिसलं का?"

"दिसलं."

आईनं दोन-तीन शेंगा फोडल्या. दाणे सुपात पडले. मी वर्षभर न विचारलेली गोष्ट विचारली. "आई, दादांचं तोंड कसं हुतं गं?"

"चांगलं हुतं," ती म्हणाली. "झोपल्यागत. दाढी वाढली हुती दोन दिसांची, ती तुज्या चुलत्यानं केली. तोंड झाकू दिलं न्हाई मी. दिवस बुडंस्तवर उगडं ठेवलं हुतं. सगळी म्हनत हुती आता उचला. मी म्हनलं, येतंय पोरगं, थांबा."

मी म्हणालो, "त्या दुकानवाल्यानं खरं सांगितलं असतं तर आलो असतो मी."

आई सुपाकडेच बघत होती. "त्याला कशाला दोस देतूस? त्यो पळत मला इचाराय आला हुता, काय सांगू म्हनून. मीच म्हनलं, सांगू नगं. पोरगं एकलं हाय, सायकलीवर हाय, म्होरं घाट हाय. आयकून पडंल, म्हनलं. मीच म्हनलं, निवांत ये म्हन."

एक वर्ष मी त्या माणसाच्या दुकानावरून मान फिरवून गेलो होतो, आणि एक वर्ष ही बाई ते बघत होती.

तिनं सुपातली टरफलं बाजूला केली. मग म्हणाली, "ती बाई. तू खरं सांगितल्यावर मागं बसली हुती न्हवं, सायकलीवर?"

"व्हय."

"वाटंत पडली का?"

"न्हाई. घट्ट धरून बसली हुती."

आईनं मान हलवली. हातातली शेंग तिला फुटेना.

"मग तूबी पडला नसतास," ती म्हणाली.

तेव्हा मला रडू आलं. आईनं सूप बाजूला सारलं नाही, काही समजावलंही नाही. माझं थांबल्यावर तिनं अर्ध्या शेंगा माझ्यापुढे ओतल्या आणि आम्ही दोघं फोडत बसलो. दिवे लागायच्या आत मी शेजारच्या दुकानातून साखर आणि चहापत्ती आणली.